लांब नाकाची पक्कड

ऑपरेशन थिएटरमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या बाईला निवृत्तीनंतर घरात काय काम असतं? सिस्टरला तर काहीच नव्हतं. सगळं गाव तिला सिस्टरच म्हणायचं. घरात दादा चिडवायच्या वेळी म्हणायचा आणि वहिनी कायमच म्हणायची. दादा आणि वहिनी यांच्याबरोबरच ती राहत होती, वरच्या मजल्यावर. खाली दादाचं गॅरेज होतं. एका शटरचं, एका वेळी दोनच गाड्या मावतील असं.

पहिल्या महिन्यात तिने स्वयंपाकघराचे खण आवरले. चमचे एका रांगेत, सुऱ्या लांबीप्रमाणे, झारे उजवीकडे. दुसऱ्या महिन्यात तेच खण पुन्हा आवरले. वहिनीला कालथा सापडेना तेव्हा तिने हात जोडले.

"अहो सिस्टर, इथे कुणाचं पोट फाडायचं नाहीये. भाजी परतायचीय मला."

सिस्टर हसली, पण ते तिला लागलं. सकाळी साडेसहाला अजून जाग यायची. आंघोळ करून, केस घट्ट बांधून ती खिडकीशी येऊन बसायची आणि मग लक्षात यायचं की आपली वाट बघणारं कुणी नाही.

अशात एका सकाळी कपडे धुण्याचं मशीन घरघर करून बंद पडलं. दादाने खालचं झाकण उघडलं, गाळणी काढली, बादलीभर पाणी फरशीवर सांडलं आणि बॅटरी मारून आत पाहिलं. आतल्या पंख्यात केसांची पिन अडकली होती.

"कुणाची पिन आहे ही?" दादा गरजला.

घरात केस बांधणाऱ्या बायका दोनच. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

दादाने आपली जुनी पक्कड आत घातली. ती पक्कड आखूड आणि दादाचा पंजा सुपाएवढा. हात भोकातच अडकला. पक्कड जेमतेम पिनेला लागली आणि पिन आणखी दोन बोटं आत गेली.

"माझी पक्कड देऊ का?" वहिनी म्हणाली आणि ओट्यावरून गरम पातेली उतरवायची पक्कड घेऊन आली.

दादाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती आल्या पावली परत गेली. पण आतून तिच्या हसण्याचा आवाज आला.

सिस्टर गुडघ्यांवर बसली, वाकून आत पाहिलं. खोल, अरुंद, ओली जागा. तळाशी काहीतरी चमकतंय. तिच्या मनात पहिल्यांदा काही हललं. असल्या जागा तिला पाठ होत्या.

"दादा, याला लांब लागेल. थिएटरमध्ये आमच्याकडे चिमटे असायचे तसं. लांब नाकाची पक्कड मिळते की बाजारात."

"मिळते. मी आणली होती एकदा. नाव लांब नाक, आणि महिन्याभरात नाक वाकडं. टोकाशी ताकदच नसते तिच्यात. नुसता देखावा." तो कंबरेवर हात ठेवून उठला. उठताना त्याने उजवा खांदा डाव्या हाताने धरला आणि कुणी पाहिलं तर नाही ना, असं बघितलं. सिस्टरने पाहिलं होतं.

दहा वाजता ती हार्डवेअरच्या दुकानात उभी होती.

दुकानदाराला सगळे इंचकाका म्हणायचे, कारण माणूस कुठलीही गोष्ट इंचात सांगायचा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानामागे पेन्सिल. त्याने एक चकचकीत डबा पुढे सरकवला. आत पाच पकडी, लाल मुठींच्या, रांगेत झोपवलेल्या.

"हा सेट न्या बाई. घराला, गॅरेजला, सगळ्याला चालतो. सरळ, वाकडी, जास्त वाकडी, सगळं आलं यात."

सिस्टरने पहिली पक्कड उचलली, मिटली आणि दाराच्या उजेडाकडे धरली. टोकं मिटली होती, पण मध्ये उजेडाची बारीक रेघ दिसत होती. तिने ती परत ठेवली. दुसरीचे दोन्ही दांडे धरून आडवे हलवले. सांध्यात टकटक झाली. तीही ठेवली. तिसरी एका हाताने उघडायला गेली तर अंगठा दुखला. पाचही झाल्यावर तिने डब्याचं झाकण लावलं.

"सुट्या दाखवा."

इंचकाकाने सुट्या काढल्या. नऊ इंची, अकरा इंची, पुढे वाकवलेली, काटकोनात वाकवलेली. सिस्टरने डोक्यावरचा एक केस तोडला आणि एकेका पकडीच्या टोकात धरून ओढून पाहायला लागली. केस सुटला की पक्कड बाजूला. गल्ल्यापाशी तीन गिऱ्हाइकं खोळंबली. त्यातला एक गवंडी तर कामच विसरून बघत उभा राहिला.

"बाई," इंचकाका शेवटी म्हणाला, "पक्कड घ्यायचीय की नवरा पसंत करायचाय?"

"नवऱ्याला एवढं पारखून घ्यायला गेले म्हणूनच राहिले," सिस्टर म्हणाली आणि पुढची पक्कड उचलली.

गवंडी खो खो हसला. इंचकाकाही हसला आणि त्याने तिच्यासाठी स्टूल मागवलं.

शेवटी तिने अकरा इंची सरळ पक्कड निवडली. सुईसारखं बारीक, लांबलचक नाक, टोकाशी नाजूक दाते, मिटली की उजेडाचा कणही दिसत नव्हता. केस तुटला पण सुटला नाही. ही तर थेट आपल्या थिएटरच्या ट्रेमधलीच, असं तिला वाटलं.

घरी येऊन तिने बॅटरी वहिनीच्या हाती दिली, फरशीवर पालथी पडली आणि पक्कड आत सोडली. श्वास रोखला. टोकाने पिन चाचपली, कड पकडली, अर्धा फेरा फिरवली. पिन बाहेर आली तेव्हा वहिनीने टाळ्या वाजवल्या. पिन काळी होती.

"माझीच," वहिनी म्हणाली. "पण त्यांना सांगू नका."

दादाने जेवताना पक्कड हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हं," एवढंच म्हणाला. पण दादाचं हं म्हणजे इतरांचं पानभर कौतुक, हे सिस्टरला लहानपणापासून ठाऊक होतं. ती दिवसभर हवेत होती. त्या पकडीने तिने सोफ्यामागचा मोजा काढला, मोरीच्या जाळीतला केसांचा बोळा काढला, कपाटामागे दोन वर्षांपूर्वी पडलेला चष्मा काढला. आता काढायला घरात काही उरलं नाही तेव्हा, दोन दिवसांनी, ती पक्कड घेऊन खाली गॅरेजमध्ये गेली.

तिथे तिने जे ऐकलं त्याने ती जिन्यातच थांबली.

पाव पोचवणाऱ्या बाईची डबाव्हॅन शटरसमोर उभी होती. बॉनेट उघडं, खालून हिरवट पाणी ठिबकतंय. पाववाली दादाची जुनी गिऱ्हाईक. आणि दादा तिला सांगत होता, "हे काम माझ्याकडे होत नाही. चौकातल्या मोठ्या गॅरेजला न्या."

दादा हे म्हणतोय? इंजिन वितळलं तरी बघू म्हणणारा माणूस?

"काय झालंय?" सिस्टरने पुढे होऊन विचारलं.

"इंजिनच्या मागे पाण्याचा रबरी पाइप आहे. त्याला दोन टोकांना स्प्रिंगच्या क्लिपा. एक क्लिप सरकून मागे गेलीय, दुसरीही ढिली आहे. क्लिपेचे दोन कान दाबले की ती उघडते, मग ती जागेवर सरकवायची. काही मोठं नाही." तो थांबला. "पण हात तिथपर्यंत जात नाही."

"पूर्वी जायचा की," पाववाली म्हणाली.

दादाचा उजवा हात पोटाशी दुमडलेला होता. सिस्टरला मशीनपाशी धरलेला खांदा आठवला. शर्ट घालताना त्याला होणारी कसरतही आठवली. घरात राहून, रोज एका टेबलावर जेवून, आपण हे दोन महिने पाहत होतो आणि पाहिलं नव्हतं.

"मी बघू?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता स्टुलावर चढली.

आत तिला क्लिप दिसली. मोठ्या पाइपामागे, वीतभर खोल, कान वर करून बसलेली. तिने पक्कड आत सोडली. तोंड उघडायला गेली तर लांबलचक जबडे फाकून दोन्हीकडच्या नळ्यांना आपटले. कसंबसं तिरपं करून तिने कान धरले आणि दाबलं. बारीक टोकं एकमेकांवर घसरली, नाक पिळवटलं, क्लिप सटकन सुटली. पुन्हा धरलं, पुन्हा सुटली. चौथ्या खेपेला बोटांना कळ लागली आणि पक्कड हातातून निसटून खाली, गाडीच्या पोटातून जमिनीवर जाऊन पडली.

दादाने वाकून पक्कड उचलली, फडक्याने पुसली आणि तिच्या हातात दिली. नाकाचं टोक किंचित एका अंगाला कललं होतं.

तो "मी म्हटलं नव्हतं का?" असं म्हणाला असता तर बरं झालं असतं. सिस्टरचा चेहरा लाल झाला. ती बाकड्यावर जाऊन बसली आणि पकडीकडे बघत राहिली. एकतीस वर्षं हत्यारं हाताळली, दुकानात तासभर मिरवलं, आणि शेवटी काय निवडलं? पिन काढायचा चिमटा.

तिने पक्कड उघडली, मिटली. पुन्हा उघडली. नाकाची सगळी लांबी फाकत होती, कारण सांधा थेट मुठीपाशी होता. आणि मग तिला थिएटरमधली खोल कामं आठवली. पोटाच्या तळाशी जायचं असलं की सर्जन मागायचे ती हत्यारं कशी होती? दांडे लांब, तोंड छोटं. सांधा पार पुढे, तोंडाजवळ. आत गेल्यावर फक्त तोंडच उघडायचं, दांडे फाकायचे ते बाहेर, हातापाशी. हजारदा तिने ती हातात दिली होती. आणि दुकानात टोकांचा बारीकपणा बघता बघता सांधा कुठे आहे हे पाहायचंच विसरली.

"दादा!" ती उठलीच. "माझं चुकलं. सांधा पुढे हवा."

दादाने भुवया उंचावल्या. मग पक्कड तिच्या हातातून घेतली आणि सांध्यावर बोट ठेवलं. "अर्थात. इथून टोक एवढं लांब, मग टोकाशी जोर कुठून उरणार? सांधा पुढे आणला की दांडा लांब होतो, जबडा आखूड. मग दाबलं की चावतो."

"आणि अरुंद जागेत फाकत नाही."

"ते मी कधी पाहिलं नव्हतं," दादा म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोन वेगळ्या वाटांनी दोघं एकाच सांध्यावर येऊन पोचले होते.

"चल दुकानात," सिस्टर म्हणाली.

"आत्ता? ही बाई खोळंबलीय."

"जा की," पाववाली म्हणाली. "इंजिन गरम आहे, तासभर हात लावता येणारच नाही. माझे पाव पोचवून झालेत. मी वहिनींशी गप्पा मारते."

दादाने पुन्हा नाही म्हणायला तोंड उघडलं, पण वहिनी जिन्यात उभी होती आणि तिच्या हातात त्याच्या चपला होत्या.

दोघं चालत निघाली. कोपऱ्यावर आल्यावर दादा म्हणाला, "शटर देऊन टाकायचं ठरवत होतो. बिस्किटांच्या एजन्सीवाल्याला गोदाम हवंय. दोनदा येऊन गेला."

"वहिनीला माहितीय?"

"तिला सगळं माहीत असतं. तुला सांगू नको म्हटलं होतं. तुझं आत्ताच सगळं सुटलेलं. त्यात माझं कुठे." त्याने खांदा चोळला. "खांदा वर होत नाही गं. थंडीपासून. महिन्याभरात सहा गाड्या परत पाठवल्या मी."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"तुझ्याच दवाखान्यात जाऊन आलो. तू ड्यूटीवर असताना. मागच्या दाराने."

सिस्टर भर रस्त्यात थांबली. तिला रागही आला आणि हसूही. "व्यायाम सांगितले असतील ना? करतोस?"

दादा पुढे चालायला लागला. म्हणजे करत नव्हता.

"उद्यापासून सकाळी साडेसहाला मी उठवणार तुला," ती त्याच्या मागून म्हणाली. "माझी नाहीतरी झोप उडालेलीच असते."

इंचकाकाने दोघांना येताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आता कुटुंब घेऊन आलात!"

"दांडे लांब, सांधा पुढे, तोंड आखूड," सिस्टर म्हणाली. "आणि एक नळीचा तुकडा आणि एक जाड स्प्रिंग द्या. विकत नकोय, तपासायला."

इंचकाका शिडीवर चढला. वरच्या फळीवरून त्याने धूळ बसलेली एक पुडी काढली. "ही आहे. पण बेढब दिसते म्हणून कुणी घेत नाही. तेरा इंच."

खरंच बेढब होती. बगळ्याच्या पायांसारखे दांडे आणि पुढे बेडकाचं तोंड. जबड्याच्या आत गोल खाच, नळी किंवा क्लिप धरायला. सिस्टरने मिटून उजेडाकडे धरली, आडवी हलवली. सांधा गप्प. मग तिने ती नळीच्या तुकड्यात घातली, आत स्प्रिंग ठेवली आणि मूठ उघडली. फक्त तोंड उघडलं, नळीला कुठे लागलं नाही. मूठ आवळली तशी स्प्रिंग दबली.

"मला दे," दादा म्हणाला. त्याने दाबली. पुन्हा दाबली. मग हात बदलला. जाड रबरी मूठ त्याच्या पंजात बसली. "घसरत नाही."

भांडण झालं ते पुढे. इंचकाकाकडे तीच पक्कड दोन प्रकारची निघाली. सरळ तोंडाची आणि पुढे जराशी वाकवलेली.

"सरळ," दादा म्हणाला. "जोर सरळ रेषेत लागतो."

"वाकडी," सिस्टर म्हणाली. "सरळ आत घातलीस की तुझाच पंजा तुझ्या डोळ्यांसमोर येतो. दिसणार काय? अंदाजाने मारायचं?"

"तीस वर्षं अंदाजानेच मारतोय."

"म्हणूनच खांदा गेला! बघायला म्हणून अंग वाकडं करतोस."

इंचकाका एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. दादाने सरळ पक्कड उचलली, फळीवरच्या दोन डब्यांच्या फटीत घातली आणि मागच्या खिळ्याचं डोकं धरायला गेला. खिळा दिसावा म्हणून मान तिरपी केली, कोपर उचललं आणि कळ आली तसा थांबला. मग वाकडी घेतली. कोपर अंगालगत राहिलं, पंजा बाजूला राहिला, खिळा समोर दिसत होता. त्याने तो धरला.

"बांधा ही," तो इंचकाकाला म्हणाला. सिस्टरकडे त्याने पाहिलं नाही.

परत आले तेव्हा इंजिन निवलं होतं आणि पाववाली दुसरा चहा पीत होती. सिस्टर स्टुलावर चढली, बॅटरी डाव्या हातात. दादाने गाडीखालून डावा हात घालून पाइप धरला.

"मी पाइप स्थिर धरतो. तू कान धर."

"दिसले. धरले."

"दाब आता. सोडू नको. मी पाइप ढकलतो... बसला! सरकव क्लिप. अजून. अजून बोटभर. सोड."

क्लिप खट् करून बसली. इतका साधा आवाज, पण सिस्टरच्या पाठीतून गोड शिरशिरी गेली.

ती स्टुलावरून उतरली आणि जागा सोडून उभी राहिली. "दुसरी तू कर."

दादा क्षणभर घुटमळला. मग बॉनेटवर वाकला, डोळे आत लावले आणि नजर न काढता उजवा तळवा मागे पसरला. "पक्कड."

सिस्टरच्या हाताने विचार केला नाही. मूठ पुढे, तोंड मिटलेलं, बरोबर तळव्याच्या मध्यावर, ऐकू येईल इतक्या जोरात तिने ती ठेवली. दादाची बोटं आपोआप मिटली. तिने बॅटरीचा झोत त्याच्या खांद्यावरून आत सोडला. त्याचं कोपर अंगालगतच होतं. लांब दांडे पुढे गेले, त्याचा हात मात्र जिथे सुखाने राहू शकत होता तिथेच राहिला.

"डावीकडे जरा," ती म्हणाली. "अजून. कानावर आलास."

खट्.

दादा सरळ झाला. पाववालीने गाडी सुरू केली, तिघं मिळून खाली वाकून बघत राहिले. दहा मिनिटांत एक थेंबही पडला नाही. जाताना पाववाली खिडकीतून म्हणाली, "मला मोठ्या गॅरेजला जायला सांगत होते! त्यांच्याकडे एक पक्कड तरी एवढी पारखून घेतली असेल का?"

दुसऱ्या दिवशी साडेसहाला सिस्टरने दादाला उठवलं. त्याने शिव्या घातल्या, मग भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम केला. पहिल्या दिवशी बोटं खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचली. पंधरवड्याने त्याहून वीतभर वर. पूर्ण वर जाईल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते, पण दादाने भिंतीवर पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली आणि रोज कालच्या खुणेशी वाद घालायला लागला.

बिस्किटांचा एजन्सीवाला मापं घ्यायला टेप घेऊन आला तेव्हा आत दोन गाड्या उभ्या होत्या आणि तिसरी बाहेर. त्याला आत पाय ठेवायला जागा मिळाली नाही.

"मग काय ठरलं?" त्याने दारातूनच विचारलं.

दादा गाडीखाली होता. "माझ्या पार्टनरला विचारा," आतून आवाज आला.

हा शब्द सिस्टरने दादाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. ती हातातलं फडकं घेऊन तशीच उभी राहिली. वहिनी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिचेही हात थांबले.

"सध्या नाही जमणार," सिस्टर एजन्सीवाल्याला म्हणाली. मग फडकं खांद्यावर टाकून तिने पुढे सांगितलं, "जागा लागतेय आम्हाला."

तो गेला. तिने बाहेरच्या गाडीच्या मालकाला हात केला आणि शटर पूर्ण वर ढकललं.

"या," ती म्हणाली. "काय त्रास होतोय गाडीला? सुरुवातीपासून सांगा."